फुटाला इंच

नवीन माणसाशी ओळख करून घ्यायची म्हणजे लोक नाव विचारतात, गाव विचारतात, फारच मोकळे असले तर पगार विचारतात. बाबूराव घोलपांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातात शिंप्याच्या टेपचं एक टोक दिलं आणि म्हणाले, "हे बंपरला टेकवून धरा. ताणू नका, ढिलं सोडू नका. अन् श्वास जरा बेतानं घ्या."

बंपर कुणा परक्याच्या मोटारीचा होता. मोटारीत एक जाडजूड गृहस्थ, त्यांची बायको आणि पितळेचा डबा मांडीवर घेतलेल्या एक म्हातारबाई बसल्या होत्या. कासारवाडीला नाशिक रस्त्याचं रेल्वेफाटक पडलं होतं आणि मी सायकल धरून ते उघडायची वाट बघत होतो. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात स्टोअर्सचा कारकून म्हणून लागून मला चार दिवस झाले होते. या भागात मी कुणाला ओळखत नव्हतो. तरी सायकल बाजूला आडवी टाकून मी ते टोक मुकाट्यानं धरलं. का धरलं ते मला अजून सांगता येत नाही. बाबूरावांचा आवाजच असा होता की माणूस आधी ऐकायचा आणि मग विचार करायचा.

"काय हो, मोटारीला झबलं शिवताय का?" आतल्या गृहस्थांनी विचारलं.

"तुमची परवानगी घेतलीया मालक, आता मधी बोलू नका. आकडा चुकतो," बाबूराव म्हणाले.

मालगाडी गेली, फाटक उघडलं, झबल्याची मोटार निघून गेली. बाबूरावांनी कानावरची पेन्सिल काढून वहीत आकडे लिहिले, वही बंडीच्या खिशात ठेवली आणि मग मला आपादमस्तक न्याहाळलं. "हात बरा हाय तुमचा. थरथरत न्हाई. ऱ्हाता कुठं?"

मी सांगितलं. तेव्हा कळलं की मी राहत होतो ती खोली त्यांच्या खोलीला लागूनच होती. त्या संध्याकाळपासून दुसरं टोक धरण्याचं काम माझ्याकडे आलं ते कायमचंच.

बाबूराव दापोडीच्या वर्कशॉपात बसच्या बॉडीचा पत्रा ठोकायचे. मूळचे पिंपळे गुरवचे. शेती भावांच्या हवाली करून हातोडी धरलेला माणूस. दिवसभर पत्रा ठोकून घरी आले की चहा घ्यायचे, फाटकावर जायचे, आणि परत येऊन पुन्हा पत्रा ठोकायचे. हा पत्रा मात्र रॉकेलच्या डब्याचा असे. त्यातून ते मोटारी बनवत. खऱ्या मोटारीचं माप घ्यायचं आणि फुटाला इंच या हिशेबानं ती मोटार उभी करायची. दारं उघडायची, काचा खालीवर व्हायच्या, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. अशा अकरा मोटारी त्यांच्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. मी पहिल्याच दिवशी कौतुकानं म्हणालो, "वा, काय सुंदर खेळणी आहेत." त्यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फाटकावर टेपचं टोक तेवढं द्यायचे, तेही दुसरीकडे बघत.

माप घेण्याचे त्यांचे नियम होते. पोलादी टेपनं रंगाला ओरखडा जातो, म्हणून कापडी टेप. मोटारीला हात लावायच्या आधी मालकाची परवानगी घ्यायची. ड्रायव्हरची चालत नसे, मालकाचीच. "दुसऱ्याची वस्तू मोजायची म्हंजे इचारून. न इचारता मोजतो तो तलाठी," असं त्यांचं म्हणणं. मोटार फाटकाशी आली की ते टोपी सारखी करून खिडकीशी जायचे आणि विचारायचे, "मालक कोण? माप घ्यायचं व्हतं." बहुतेक लोक गोंधळून हो म्हणायचे. नाही म्हणायला सुद्धा कारण सुचावं लागतं.

मी त्यांना एकदा सुचवलं, "बाबूराव, इथं दिवसाला चार मोटारी येतात, त्यातल्या दोन लॉऱ्या. मुंबई रस्त्यावर पेट्रोलपंप आहे. तिथं एकाला एक लागून मोटारी थांबतात, त्याही नव्या कोऱ्या. तिथं का जात नाही?"

"तिथं धूळ लई," ते म्हणाले. धूळ फाटकावरही तितकीच होती. पण मी नवीन होतो, वाद घातला नाही.

"मापात बोला" हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं की काल फार पाऊस पडला, तर बाबूराव विचारणार, किती? कुणी म्हणालं आमचा मुलगा खूप उंच झालाय, तर हे टेप काढणार. त्यांचा सगळ्यात नावडता शब्द म्हणजे 'अंदाजे'. आणि वर्कशॉपातल्या नव्या पोरांच्या तोंडी तर दुसरा शब्द नसे. एकदा एका पोरानं पत्रा 'अंदाजे दीड फूट' कापून आणला. त्याला बाबूरावांनी सुनावलेलं वर्कशॉपात बरेच दिवस गाजत होतं. "अंदाजे? उद्या तुज्या लग्नात भटजी अंदाजे मुहूर्त काढंल, तू अंदाजे माळ टाकशील, अन् ती पडंल करवलीच्या गळ्यात. मग बस मोजत."

तरुणांविषयीची त्यांची तक्रार लांबलचक होती. केसांचा कोंबडा काढतात. खिशात कंगवा असतो, पण फूटपट्टी नसते. सगळं आयतं पाहिजे. जत्रेतून चावीची मोटार आणतात आणि तिला मोटार म्हणतात. "चार चाकं हायती, पर एकाची दुसऱ्याशी सोयरीक न्हाई," असं ते त्या मोटारीबद्दल म्हणायचे. "आमी एक मडगार्ड ठोकायला चार दिस घ्यायचो. ही पोरं चार दिसात लग्न करून मोकळी व्हत्यात." मडगार्डाचा आणि लग्नाचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. लग्न हा शब्द आला की ते एकदम गप्प होत, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

तरुण पिढीच्या खालोखाल त्यांचा राग होता तो सामान पुरवणाऱ्यांवर. मुंबईत छंदाचं सामान विकणारा एक दुकानदार होता. त्याचा छापील कॅटलॉग बाबूरावांनी पोथीसारखा फडक्यात बांधून ठेवला होता. ऑर्डरी इंग्रजीत लिहायच्या म्हणून ते काम माझ्याकडे. आम्ही रबराचे चार छोटे टायर मागवले. पार्सल आलं, त्यात बाटलीला लावायची रबरी बुचं चार. असली बुचं आमच्या कारखान्यात पोत्यानं पडलेली असत. सोबत पत्र, की मागितलेला माल शिल्लक नाही, सबब त्यातल्या त्यात जवळचा माल पाठवत आहोत. पुढच्या खेपेला पितळेची बारीक तार मागवली, तर सतारीची आली. पत्र तेच.

बाबूराव म्हणाले, "माझी वेळ भरल्यावर यमाला ह्यो लिहील, घोलप शिल्लक न्हाई, सबब त्यातल्या त्यात जवळचा देसाई पाठवतो. तुमी जपून ऱ्हावा."

देसाई म्हणजे मी.

पुण्याच्या रंगवाल्यानं काळा म्हणून गडद हिरवा दिला होता. विचारायला गेलो तर म्हणाला, वाळला की काळा पडतो. बाबूरावांनी आठ दिवस वाळवला. मग पुन्हा पुण्याला जाऊन त्याला सांगून आले, "वाळल्यावर मानूस काळा पडतो बाबा, रंग न्हाई पडत." टायर शेवटी त्यांनी स्वतःच केले, बसच्या टाकाऊ टायरचा तुकडा लेथवर धरून. तरी मुंबईच्या ऑर्डरी काही थांबल्या नाहीत. शिव्या द्यायला माणसाला एक हक्काचा दुकानदार लागतो.

आणि तिसरा राग, व्यंगचित्रांवरचा. मी त्यांना एकदा हौसेनं खडकीला सिनेमाला घेऊन गेलो. मुख्य चित्रपटाआधी हलती व्यंगचित्रं दाखवायचे. त्यात एक मोटार दोन झाडांच्या मधून जाताना पोट आत ओढून घेते आणि पलीकडे गेल्यावर हुश्श करून पुन्हा फुगते. सगळं थिएटर हसत होतं. बाबूराव उभे राहिले.

"पत्रा असा दबत न्हाई," त्यांनी आजूबाजूच्यांना सांगितलं. "अन् दबला तर आपसूक भाईर येत न्हाई. आतनं ठोकावा लागतो. दोघं मानसं, चार तास."

"अहो बसा, चित्र आहे ते," मागून कुणीतरी म्हणालं.

"चित्र हाय म्हणून काय झालं? मोटार हाय का न्हाई?"

मुख्य चित्रपट आम्ही बघितला नाही. सुरुवातच खोटी असल्यावर पुढे काय बघायचं, असं त्यांचं मत पडलं.

साप्ताहिकांतल्या व्यंगचित्रांवर तर ते डोळ्यांत तेल घालून असायचे. मोटारीच्या दिव्यांना पापण्या काढल्या, रेडिएटरला दात काढले, की लगेच मला हाक. मग मी संपादकांना पत्र लिहायचं, की आपल्या अंकातील मोटारीचे पुढील चाक मागील चाकापेक्षा मोठे असून ती उतारावर नसताना मागे झुकली आहे, तरी खुलासा व्हावा. अशी सातआठ पत्रं आम्ही टाकली. एका संपादकांनी सभ्यपणे उत्तर दिलं, की व्यंगचित्रात थोडी अतिशयोक्ती असायचीच.

बाबूरावांनी ते उत्तर मला दोनदा वाचायला लावलं. "अतिशयोक्ती असू द्या की," ते म्हणाले. "पर मापात."

असे सगळे मजेत दिवस चालले होते. फळीच्या कोपऱ्यात रुमालाखाली काहीतरी झाकलेलं असायचं, त्याकडे माझं लक्ष होतं. एकदा बाबूराव चहाला आत गेले असताना मी रुमाल उचलला. काळी मोटार होती. अकराही मोटारींपेक्षा देखणी. पुढून बघितली तर वाटावं आता सुरू होईल. पण मागच्या दारापाशी ती एकदम संपली होती. त्यापुढे काही नव्हतंच.

"मागचं माप ऱ्हायलंय," बाबूराव पाठीमागे येऊन उभे होते.

"मग पुढच्यावरून अंदाजे..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी रुमाल पुन्हा नीट घातला, चारी टोकं सारखी केली आणि त्या दिवशी फाटकावर एकटेच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी सखुवहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी मला खरी हकीकत सांगितली.

त्यांना एकच मुलगी, कुसुम. आठ वर्षांची होती तेव्हापासून फाटकावर टेपचं दुसरं टोक तीच धरायची. पुढे तिला मंचरला दिली. लग्न पिंपळे गुरवला झालं. नवरदेवाचे चुलते महिनाभर आधीपासून सांगत होते, की वरातीला घरची मोटार आणू. आणलीही, काळी, चकचकीत. पाठवणीची वेळ झाली. मुलगी मोटारीत बसली, बायका रडायला लागल्या, आणि मुलीचा बाप कुठे दिसेना. बघतात तर बाबूराव टेप घेऊन बॉनेटपाशी. रिवाजाप्रमाणे विचारत होते, "मालक कोण? माप घ्यायचं व्हतं."

चुलत्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "घ्या की, घरचीच हाय."

बाबूराव पुढून मोजत मोजत मागच्या दारापर्यंत आले. तिथे त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कंच्या सालची?" चुलत्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मालकास्नी इचारून सांगतो. ते मंचरला असत्यात. भाड्यानं देताना सालाचं कुणी इचारत न्हाई."

मांडवात कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. चुलत्यांनी दार आपटलं, मोटार धुरळा उडवत गेली, आणि बाबूराव तसेच वाकलेले राहिले. त्यानंतर मंचरहून निरोप आला, की टेपवाल्यांनी आमच्या दाराशी येऊ नये. त्याला तीन वर्षं झाली होती. वहिनी वर्षातून एकदा मंचरला जाऊन यायच्या. कुसुम माहेरी आली नव्हती.

"सासरच्यांचा राग निवला असता वो," वहिनी म्हणाल्या. "पर तिच्या मनात बसलंय. मला म्हणती, आई, मी चालले व्हते, अन् बाबांना मोटार दिसली. आता तिला काय सांगू? ह्यांनी तरी जाऊन बोलावं, तर बोलत न्हाईत. तुमी येईस्तवर टेपचं टोक दगडाखाली ठेवून मापं घेत व्हते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंचरची मोटार असो की एस.टी., पुण्याकडे यायचं तर याच फाटकातून यावं लागतं. पेट्रोलपंपावर शंभर मोटारी थांबल्या तरी त्यातली एकही मंचरची नसणार. हा माणूस रोज संध्याकाळी मोटारी मोजायला नव्हे, तर मुलगी येते का ते बघायला उभा राहत होता, आणि हे तो मरेपर्यंत कबूल करणार नव्हता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढा बोलका माणूस, सबंध जगाला चार गोष्टी सुनावणारा, आणि मुलीला चार शब्द बोलायची छाती नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी मी एक दिवाळी अंक घेतला. चाळता चाळता हात थांबला. पानभर व्यंगचित्र होतं. रेल्वेचं फाटक पडलंय, त्यावर पाटी 'नाशिक रस्ता', समोर एक मोटार, आणि टोपी-बंडीतला एक किडकिडीत माणूस तिच्या पोटाभोवती टेप गुंडाळतोय. मोटारीतले गृहस्थ खिडकीतून सांगताहेत, "जरा सैलच ठेवा मास्तर, वाढत्या अंगाची आहे."

फाटकाशी कधीतरी कुणी व्यंगचित्रकार अडकला असणार. बाबूराव हुबेहूब उतरले होते, कानावरच्या पेन्सिलीसकट. मला मात्र त्या बाबानं साफ गाळलं होतं. मी धरतो ते टोक त्यानं फाटकाच्या खांबाला बांधलं होतं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

मी भीत भीत अंक बाबूरावांपुढे ठेवला. त्यांनी पान उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "लिवा. संपादक महाशयांस सप्रेम नमस्कार. आपल्या अंकातील मोटारीच्या बॉनेटावर हवेच्या फटी चार दाखवल्या हायती. खऱ्या तीन. दाराची मूठ उलटी. खुलासा व्हावा."

"आणि तुमच्यावर चित्र काढलं त्याचं?"

"माज्याबद्दल काय चुकलंय त्यात?" ते म्हणाले आणि अंक घेऊन आत गेले.

पाडव्याला संध्याकाळी वहिनींनी पाट मांडला, औक्षणाचं तबक तयार केलं, तरी बाबूराव टोपी घालून निघालेच. मी म्हणालो, "आज तरी राहू द्या. मोटारींना पण सण असतो." ते म्हणाले, "दिव्याला येळ हाय. जाऊन येतो तासाभरात." मी निमूट मागोमाग गेलो.

फाटकाचा गेटमन शिदबा चक्र फिरवून फाटक पाडत होता. भोसरीच्या बाजूनं एक काळी मोटार येऊन थांबली. तिचा पुढचा एक दिवा किंचित खाली झुकलेला होता. बाबूराव जागच्या जागी उभे राहिले. रुमालाखालच्या मोटारीचा दिवाही तसाच होता. ठोकताना चुकला असेल असं मी समजत होतो.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते मागचं माप. मी लगबगीनं टेपचं टोक मागितलं. ड्रायव्हरनंही ओळखलं असावं. तो मान बाहेर काढून म्हणाला, "आज मोजा बाबूराव, मालकानं परवानगी दिलीया." बाबूरावांनी टेप माझ्याकडे दिली, आख्खी, दोन्ही टोकांसकट, आणि ते बॉनेट ओलांडून खिडकीपाशी गेले.

दार उघडून एक तरुण बाई खाली उतरली. हातात तोच दिवाळी अंक.

"ह्यांनी आणला अंक," ती म्हणाली. "घरात सगळी हसली. चुलतसासरे तर पोट धरून. मी बघितलं तर तुमी एकलेच उभे. बाबा, रोज इथंच असता?"

"व्हय. मोटारी असत्यात इथं."

"पंपावर जास्ती असत्यात."

मालगाडी आली. तिचे डबे संपेपर्यंत कुणाला काही बोलता येत नव्हतं. शेवटचा डबा गेल्यावर बाबूराव म्हणाले, "कुसे, त्या दिशी तुज्याकडं बघवंना मला. म्हणून मोटारीकडं बघत बसलो. चुकलं माजं."

"मी मागच्या काचंतनं बघत व्हते," कुसुम म्हणाली. "नुसती टोपी दिसत व्हती तुमची. तुमी मान वर केलीच न्हाई."

"केली," बाबूराव म्हणाले. "तुमी वळणावर गेल्यावर."

मग ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि बाबूराव भर रस्त्यात, दोन लॉऱ्यांच्या आणि एका बैलगाडीच्या देखत, मोठ्यानं रडले. शिदबानं चक्राला हात घातला होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, हात काढून घेतला आणि बावटा गुंडाळत बसला.

मागचा लॉरीवाला ओरडला, "ओ गेटमन, मालगाडी गेली की. उघडा आता."

"थांबा राव," शिदबा म्हणाला. "आजून एक येतीया."

मी दोन्ही बाजूंना बघितलं. खडकीपासून पिंपरीपर्यंत रूळ मोकळे होते.